विजेच्या तारांतून दूरध्वनी!

घरात दूरध्वनीची जोडणी एकाच खोलीत आणि फोन हवा दुसऱ्या खोलीत, ही अडचण जुनीच. भिंत फोडून नवी तार टाकणे खर्चाचे आणि कटकटीचे. अमेरिकेत १९९० च्या दशकात यावर एक उपाय बाजारात आला. घराच्या भिंतींतून विजेच्या तारा सर्वत्र गेलेल्या असतातच. मग आवाजही त्यांतूनच का नेऊ नये? 'वायरलेस फोन जॅक' या नावाने ही साधने विकली गेली. नाव 'वायरलेस' असले तरी काम तारांचेच!

कल्पना नवी नव्हती. वीज कंपन्या १९२० च्या दशकापासून उच्चदाबाच्या वाहिन्यांवरून संभाषण करीत आल्या आहेत. घरगुती संचात दोन भाग असत. पहिला दूरध्वनीच्या जोडणीला आणि विजेच्या सॉकेटला जोडायचा, दुसरा हव्या त्या खोलीतील सॉकेटमध्ये बसवून त्याला फोन लावायचा. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. आवाज मात्र त्याहून कितीतरी उच्च वारंवारितेच्या लहरींवर आरूढ करून त्याच तारेतून पाठविला जातो. वारंवारितांत एवढे अंतर असल्याने वीज आणि आवाज यांची सरमिसळ होत नाही. उपग्रह वाहिन्यांच्या सेट-टॉप बॉक्सला त्या काळी दूरध्वनीची जोडणी लागे. त्यासाठीही या संचांचा वापर झाला.

मर्यादाही होत्या. अमेरिकी घरात वीज बहुधा दोन शाखांत विभागलेली असते. दोन्ही भाग वेगवेगळ्या शाखांवर असल्यास आवाज क्षीण होई. सर्ज प्रोटेक्टरमधून जोडल्यास लहरी अडत, तर मिक्सरसारख्या मोटारींमुळे खरखर येई. शिवाय या लहरी विजेच्या मीटरपाशी थांबतीलच असे नाही. एकाच ट्रान्सफॉर्मरवरील शेजाऱ्याकडे तसाच संच असेल, तर संभाषण त्याच्या कानी पडण्याचा धोका. म्हणून काही संचांत सुरक्षा संकेतांकाची सोय करण्यात आली.

सर्वांत गंभीर मुद्दा वेगळाच आहे. तांब्याच्या तारेवरील पारंपरिक दूरध्वनीला सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा टेलिफोन एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांकडून होतो. त्यामुळे घरातील दिवे गेले तरी साधा फोन चालतो. विजेच्या सॉकेटवर विसंबलेला फोन मात्र दिव्यांबरोबरच मुका होतो. वादळात किंवा आगीच्या वेळी अमेरिकेतील ९११ हा आपत्कालीन क्रमांक फिरविण्याची गरज नेमकी तेव्हाच भासते! म्हणून असा संच वापरताना किमान एक साधा, तारेचा फोन मूळ जोडणीवर कायम ठेवणे शहाणपणाचे.

पुढे एकाच तळाशी अनेक हँडसेट जोडता येणारे कॉर्डलेस फोन आणि मोबाइल आले, तशी या संचांची गरज ओसरली. अमेरिकेहून कोणी असा जुना संच आणलाच, तर तो आपल्याकडील २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावण्याआधी त्यावरील व्होल्टेजचा आकडा अवश्य पाहावा. केवळ १२० व्होल्टसाठी बनविलेला संच येथे जळून जाईल. आज इंटरनेटवरून येणारी दूरध्वनी सेवाही घरातील विजेवर, म्हणजे राउटरवर चालते. त्यामुळे वीज गेल्यावर घरातला कोणता फोन चालू राहील, हा प्रश्न आजही प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारायला हवा.