उपासमारीतून आलेला लठ्ठपणा

एखाद्याचं पोट सुटलं की आपण सहज म्हणून जातो, 'खात्यापित्या घरचा दिसतोय!' या थट्टेत एक निवाडाही असतो. लठ्ठपणा म्हणजे खादाडपणा आणि आळस यांचं फळ, असा तो निवाडा. जास्त खाणं आणि कमी हालचाल ही कारणं खरीच आहेत. पण इतिहास चाळताना मला आणखी एक कारण सापडतं, आणि ते आहे भूक.

सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये रेल्वे कामगारांनी दोस्त राष्ट्रांच्या मदतीसाठी संप पुकारला. सूड म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारं अन्नधान्य अडवलं. त्या हिवाळ्यात तिथल्या शहरांत माणशी रोजचं रेशन १००० कॅलरींच्याही खाली गेलं. लोकांनी ट्युलिपचे कंद खाऊन दिवस काढले. मे १९४५ मध्ये सुटका झाली.

त्या काळात आईच्या पोटात असलेले मुलगे १९ वर्षांचे झाल्यावर लष्करी तपासणीला आले. अशा सुमारे ३ लाख तरुणांच्या नोंदींचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात ज्यांच्या आयांची उपासमार झाली होती, त्यांच्यात लठ्ठपणाचं प्रमाण जास्त निघालं. शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्यांत मात्र ते कमी होतं. भूक कोणत्या महिन्यात गाठते, याला महत्त्व होतं.

असाच शोध पुढे आपल्या पुण्यातही घेतला गेला. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या स्त्रियांच्या गरोदरपणाचा अभ्यास केला. या बायका किरकोळ अंगाच्या, त्यातल्या अनेकजणी शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बेताचे होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला हडकुळं बाळ, पण मेद राखून ठेवणारं!

टंचाईत घडलेल्या अशा देहाला पुढे सुबत्ता भेटते. दारात गाडी येते, ताटात तळलेलं आणि गोड वाढतं, आणि कमरेचा घेर वाढून मधुमेह मागे लागतो. त्या माणसाला नुसतं 'तोंड आवर' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यानं चालायला हवं, बेतानं खायला हवं, हे खरंच. पण त्याच्या मुलांना यातून वाचवायचं असेल, तर घरातल्या सुनेच्या, लेकीच्या ताटाकडे आधी पाहायला हवं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं तिनं खायचं, ही रीत मोडायला हवी.