डर्मॉइड आणि टेराटोमा : निदान व उपचारांची वाटचाल

केस, दात, चरबी, क्वचित हाड किंवा थायरॉइडची ऊती भरलेली गाठ मानवी शरीरात सापडते, हे वैद्यांना काही शतकांपासून माहीत होते. अशा गाठींचे ढोबळ दोन प्रकार पडतात. भुवईच्या बाहेरच्या टोकाशी, नाकाच्या मधल्या रेषेवर किंवा टाळूवर दिसणारी डर्मॉइड गाठ म्हणजे गर्भाचा चेहरा व डोके जुळताना सांध्यात अडकून राहिलेली त्वचा. टेराटोमा मात्र बीजपेशींपासून होतो. तो अंडाशयात, वृषणात, माकडहाडापाशी, छातीच्या मध्यभागी किंवा मेंदूतही आढळतो. अंडाशयातल्या प्रौढ टेराटोमालाही डॉक्टर सवयीने डर्मॉइडच म्हणतात.

सतराव्या शतकातल्या शवविच्छेदनांच्या नोंदींमध्ये केसांनी भरलेल्या अंडाशयाचे वर्णन येते. त्या काळी अशा गाठींचा संबंध पाप, जादूटोणा किंवा फसलेली गर्भधारणा यांच्याशी जोडला जाई. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर गाठीच्या भिंतीत खरी त्वचा, घामाच्या व तेलाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे दिसू लागली. ‘डर्मॉइड’ ही संज्ञा 1831 मध्ये फ्रान्समधील लब्लां यांनी एका घोड्याच्या गाठीसंदर्भात वापरली, तर ‘टेराटोमा’ ही संज्ञा जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी 1860 च्या दशकात रूढ केली. गाठ आली कुठून, याचे उत्तर मिळायला आणखी शंभर वर्षे गेली. 1975 मध्ये लिंडर आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्रांच्या खुणा तपासून दाखवले, की अंडाशयातला प्रौढ टेराटोमा फलन न झालेल्या एकाच बीजपेशीपासून, तिच्या पहिल्या अर्धसूत्री विभाजनानंतर वाढतो. त्यामुळे फसलेल्या गर्भधारणेची जुनी कल्पना निकालात निघाली.

उपचारांचा आरंभ याहून बराच आधीचा. डिसेंबर 1809 मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात, डॅनव्हिल गावी इफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड या महिलेच्या पोटातून अंडाशयाची प्रचंड गाठ काढली. भूल देण्याचे तंत्र तेव्हा नव्हते. जंतुसंसर्गाची कल्पनाही कोणाला नव्हती. शस्त्रक्रिया सुमारे 25 मिनिटांत आटोपली आणि रुग्ण त्यानंतर तीस वर्षांहून अधिक जगली. तरीही पोट उघडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण, हीच बहुतेक शल्यचिकित्सकांची धारणा पुढे कित्येक वर्षे टिकली. 1846 मध्ये बॉस्टनमध्ये इथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, 1867 मध्ये जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत प्रसिद्ध झाली आणि मग हे चित्र पालटले. इंग्लंडमध्ये स्पेन्सर वेल्स यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी अंडाशयाच्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया नित्याची केली. मात्र आत नेमके काय आहे, हे बहुधा गाठ कापल्यावरच कळे.

न कापता आतले दिसण्याची सोय 1895 मध्ये रोंटगेन यांच्या क्ष-किरणांमुळे झाली. ओटीपोटाच्या चित्रात दात उमटला, की डर्मॉइडचे निदान जवळपास पक्के होई. पण दात किंवा हाड नसलेल्या गाठी निसटून जात. 1958 मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी मॅकव्हिकार आणि ब्राउन यांच्यासह पोटातल्या गाठींवर ध्वनिलहरींचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या रुग्णांमध्ये एक महिला होती. जठराचा असाध्य कर्करोग असे तिचे निदान झालेले होते. सोनोग्राफीत ती अंडाशयाची पाण्याची गाठ निघाली आणि काढून टाकता आली. पुढे सीटी स्कॅन आणि एमआरआय आले. चरबी या तपासण्यांत वेगळी ओळखू येते, त्यामुळे पूर्वी ज्या विचित्र ऐवजाने लोक धास्तावत, तोच निदानाची सर्वांत भरवशाची खूण ठरला.

निदान आधीच होऊ लागल्याने शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट बदलले. पूर्वी गाठीबरोबर अंडाशयही जाई. ही गाठ बहुधा तरुण वयात होते आणि सुमारे दहा टक्के रुग्णांत दोन्ही बाजूंना असते, म्हणून आता शक्य तेथे फक्त गाठ सोलून काढतात व निरोगी अंडाशय राखतात. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना गाठ पिशवीत घेऊन बाहेर काढली जाते, कारण आतला तेलकट ऐवज पोटात सांडला तर पोटाच्या आतल्या आवरणाला तीव्र दाह होतो. गाठीला पीळ पडून पोटात अचानक असह्य कळा सुरू झाल्या, तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. नाकाच्या मधल्या रेषेवरील डर्मॉइडचा धागा कवटीच्या आत गेलेला असू शकतो. म्हणून ती काढण्याआधी स्कॅन करतात.

नवजात बालकाच्या माकडहाडापाशी होणाऱ्या टेराटोमाबाबत बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी 1951 मध्ये एक मोलाचा धडा मांडला: गाठीबरोबर माकडहाडही काढले नाही, तर ती पुन्हा उद्भवण्याचा धोका मोठा असतो. 1974 मध्ये ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी गाठ शरीराबाहेर किती आणि आत किती, यावरून तिचे चार प्रकार पाडले. पूर्णपणे आत दडलेला चौथा प्रकार उशिरा लक्षात येतो, आणि तेवढ्या काळात कर्करोग होण्याची शक्यता वाढलेली असते. आता सोनोग्राफीत ही गाठ जन्मापूर्वीच दिसते, त्यामुळे प्रसूतीची आखणी आधीच करता येते.

घातक प्रकारांचे चित्र औषधांनी बदलले. 1960 च्या दशकात आबेलेव्ह आणि टाटारिनोव्ह या सोव्हिएत संशोधकांनी कर्करोगाशी जोडलेल्या अल्फा-फीटोप्रोटीनमुळे रक्ततपासणीतून काही बीजपेशी-गाठींचा माग काढणे शक्य झाले. 1965 मध्ये बार्नेट रोझेनबर्ग यांना प्लॅटिनमच्या संयुगाने जिवाणूंचे विभाजन थांबते असे दिसले. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध आले. 1974 पासून इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर दोन औषधांसह वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगावर वापरले आणि पूर्वी दगावणारे बहुसंख्य रुग्ण वाचू लागले. प्रौढ टेराटोमाचा भाग मात्र या औषधांना दाद देत नाही. उपचारांनंतर उरलेली गाठ शस्त्रक्रियेनेच काढावी लागते.

2007 मध्ये जोसेप डाल्माउ आणि सहकाऱ्यांनी आणखी एक दुवा उघड केला. अचानक भ्रम, आकडी आणि बेशुद्धी येणाऱ्या काही तरुणींच्या अंडाशयात टेराटोमा सापडला. गाठीतल्या मज्जा-ऊतीविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये मेंदूतील एनएमडीए ग्राहींवर हल्ला करीत होती. गाठ काढून प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे दिल्यावर अनेकजणी बऱ्या झाल्या. तेव्हापासून तरुणीला असा अनाकलनीय मेंदूदाह झाला, तर अंडाशयाची तपासणीही केली जाते.