सरकत्या जिन्याचा कठडा

सरकत्या जिन्याचा कठडा म्हणजे पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना उभारलेली रचना होय. बाजूचे तक्ते, तळाशी असलेली स्कर्ट पट्टी आणि हाताने धरायचा सरकता पट्टा, म्हणजेच हँडरेल, हे तिचे प्रमुख भाग आहेत. यांपैकी हँडरेल पायऱ्यांबरोबर चालते, तर तक्ते व स्कर्ट स्थिर राहतात. हँडरेलची गती पायऱ्यांशी जुळवणे आणि पायरी व स्कर्ट यांतील फट अरुंद राखणे, हे या रचनेच्या आराखड्यातील दोन मुख्य प्रश्न आहेत.

हँडरेलची रचना

हँडरेलचा आडवा छेद इंग्रजी 'सी' अक्षरासारखा असतो. बाहेरील थर रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा असतो. आत पोलादी तारा किंवा पोलादी पट्टी असते. तिच्यामुळे पट्टा ताणला जात नाही. मार्गिकेवर घासणाऱ्या आतील बाजूस कमी घर्षणाचे कापडी अस्तर असते. पट्ट्याची टोके जोडून अखंड वेटोळे तयार केले जाते. ते कठड्याच्या वरून पुढे जाते व आतून परत येते. युरोपीय मानक ईएन ११५ नुसार हँडरेलची रुंदी ७० ते १०० मिलिमीटर आणि पायरीच्या कडेपासून उंची ०.९० ते १.१० मीटर असावी लागते.

गतीचा मेळ

पायऱ्या साखळीने ओढल्या जातात, त्यामुळे त्या घसरत नाहीत. हँडरेल मात्र चाक किंवा दाबरोळ यांच्या घर्षणाने चालते. पट्टा झिजला, सैल झाला किंवा त्यावर तेल पडले, तर तो मागे पडू शकतो. मागे पडणारा पट्टा प्रवाशाचा हात मागे ओढतो आणि वर जाणाऱ्या जिन्यावर तोल मागच्या बाजूस जाण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून मानकानुसार हँडरेलची गती पायऱ्यांपेक्षा कमी नसावी. ती २ टक्क्यांपर्यंत अधिक चालते. ३० अंश उताराच्या, ६ मीटर उंचीच्या जिन्याची तिरपी लांबी १२ मीटर असते. सेकंदाला ०.५ मीटर वेगाने ती २४ सेकंदांत पार होते आणि तेवढ्यात २ टक्के अधिक वेगाचा पट्टा २४ सेंटिमीटर पुढे जातो. पट्टा ठरावीक मर्यादेपलीकडे मागे पडल्यास संवेदक जिना थांबवतो. पट्टा कठड्यात शिरतो त्या ठिकाणी बोटे अडकू नयेत म्हणून संरक्षक बसवलेला असतो.

बाजूचे तक्ते व स्कर्ट

तक्ते पोलादी पत्र्याचे किंवा कडक केलेल्या काचेचे असतात. त्यांच्या सांध्यांत कपडे अडकू नयेत म्हणून कडा गोलसर ठेवतात. सर्वांत नाजूक जागा पायरी व स्कर्ट यांच्यामधील असते. येथील फट एका बाजूस ४ मिलिमीटरपेक्षा आणि दोन्ही बाजू मिळून ७ मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये, असे मानक सांगते. दाबाखाली स्कर्ट वाकल्यास फट रुंदावते, म्हणून तो पुरेसा ताठ असावा लागतो. मऊ रबरी पादत्राणे, साडीचा पदर किंवा ओढणी फटीकडे ओढली जाऊ नये यासाठी स्कर्टवर ब्रशची पट्टी लावतात. अनेक जिन्यांत स्कर्टमागे कळ असते. वस्तू अडकून दाब वाढला की जिना थांबतो.

किंग्ज क्रॉस दुर्घटना

या फटीचे महत्त्व लंडनमधील किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकातील आगीने अधोरेखित केले. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लाकडी सरकत्या जिन्यावर ही आग लागली व तीत ३१ जणांचा मृत्यू झाला. पेटती काडी पायरी व स्कर्ट यांच्यातील फटीतून खाली पडून तेथे साचलेल्या वंगणाने व धाग्यांच्या कचऱ्याने पेट घेतला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. लाकडी पायऱ्या व कठड्यांमुळे आग वेगाने पसरली. त्यानंतर लंडनच्या भुयारी रेल्वेतील लाकडी सरकते जिने टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आले.

महाराष्ट्रातील स्थिती

भारतात सरकत्या जिन्यांच्या उभारणी व देखभालीची आयएस ४५९१ ही संहिता १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईत उपनगरी रेल्वेची अनेक स्थानके, तसेच ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो, येथे सरकते जिने वापरात आहेत. राज्यात १९३९ च्या उद्वाहनविषयक कायद्याच्या जागी आणलेल्या २०१७ च्या अधिनियमाने उद्वाहनांबरोबरच सरकते जिने व चलित पथ यांनाही कायद्याच्या कक्षेत घेतले.