गतिक जोडक : आरंभ आणि चिन्हबंधन

गतिक जोडक, म्हणजेच संगणकाच्या व्यवसायात सर्रास ‘डायनॅमिक लिंकर’ म्हणून ओळखला जाणारा प्रोग्राम, हा इतर प्रोग्रामांना चालते करणारा प्रोग्राम होय. जी फंक्शने फाइलमध्ये नुसती नावाने उल्लेखिलेली असतात आणि ज्यांचा कोड सामायिक लायब्ररींत असतो, त्यांचे मेमरीतील पत्ते ऐन वेळी शोधून ज्याच्या त्याच्या जागी रुजू करणे हे त्याचे काम. कल्पना जुनी आहे. मल्टिक्स प्रणालीत एखाद्या नावाचा प्रथम उल्लेख होताच यंत्र अडे, आणि त्या अडण्याचाच उपयोग करून जोडणी पुरी केली जाई. युनिक्सच्या घराण्यात ती १९८८ च्या सनओएस ४.० बरोबर रुळली. ‘सिस्टिम फाइव्ह’च्या चौथ्या आवृत्तीतील ‘एल्फ’ ही फाइलरचना लिनक्सने १९९० च्या दशकाच्या मध्यास स्वीकारली. पुढील विवेचन लिनक्सवरील ६४ बिटी एक्स८६ यंत्राच्या ग्लिबसी या सी-लायब्ररीच्या जोडकास अनुलक्षून आहे.

कर्नल प्रोग्रामाची फाइल मेमरीत मांडतो, तीत ‘इंटरप्रिटर’ म्हणून जोडकाचे नाव नमूद असल्यास त्यालाही शेजारी आणून बसवतो, आणि अंमल मूळ प्रोग्रामाकडे न सोपवता प्रथम जोडकाच्या हवाली करतो. स्टॅकवर त्याच्यासाठी अर्ग्युमेंटे, पर्यावरणचले आणि त्यांच्यामागे ‘ऑक्झिलरी व्हेक्टर’ नावाची एक याद ठेवलेली असते. मूळ प्रोग्राम कोठे मांडला, त्याचा प्रवेशबिंदू कोणता, आणि जोडक स्वतः कोणत्या पत्त्यावर आला, एवढा तपशील तीत असतो.

येथे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. जोडक हीही एक सामायिक लायब्ररीच. कोणत्या पत्त्यावर आपणांस बसवले जाईल हे तिला आधी ठाऊक नसते, आणि तिच्या कोठ्यांतील पत्ते दुरुस्त करून देणारा दुसरा कोणी जोडक तेथे हजर नसतो. नवा मामलेदार तालुक्यावर यावा आणि कचेरीचे कुलूपही त्यालाच उघडावे लागावे, तसा हा प्रकार आहे. यास्तव आरंभीचा कोड अशा रीतीने लिहावा लागतो की, चालू आज्ञेच्या पत्त्यापासूनचे अंतर मोजून तो आपला ठावठिकाणा काढील, आणि ज्यांसाठी नावांचा शोध घ्यावाच लागत नाही, केवळ आधारपत्ता मिळवला की ज्या सुधारतात, अशा ‘रिलेटिव्ह’ नोंदी प्रथम निकालात काढील. अशी प्रत्येक नोंद २४ बाइटांची असते : कोठे लिहावे, कोणत्या प्रकारे लिहावे, आणि किती मिळवावे. हे पुरे होईपर्यंत कोठीतील पत्त्यावर विसंबणारे कोणतेही काम वर्ज्य. कंपायलरने आपल्या मनाने घुसडलेले एक निरुपद्रवी कार्यही येथे घात करू शकते. स्टॅकच्या संरक्षणार्थ कंपायलर जी तपासणी घालतो, तीही या भागापुरती बंद ठेवावी लागते, कारण तिची गुप्त संख्या थ्रेडच्या खाजगी जागेतून घ्यायची असते आणि ती जागा अद्याप मुक्ररच झालेली नसते. चूक कळवणारा संदेश छापण्याइतकीही सोय नसलेल्या या टप्प्यात दोष शोधणे हे, प्रस्तुत लेखकाच्या मते, प्रणालीलेखनातील सर्वांत एकाकी काम आहे.

आपले घर लावून झाल्यावर जोडक लागणाऱ्या लायब्ररी, आणि त्या लायब्ररींना लागणाऱ्या लायब्ररी, थर-थराने गोळा करतो, त्यांच्या नोंदी दुरुस्त करतो, त्यांची आरंभकार्ये चालवतो, आणि मग यादीतील प्रवेशबिंदूकडे अंमल सोपवतो.

चिन्हबंधनाची, म्हणजे नाव पत्त्याशी जोडण्याची, खरी खुबी आळशी बंधनात, म्हणजे फंक्शनाचा शोध पहिल्या हाकेपर्यंत लांबवण्यात, दिसते. प्रोग्रामाने ‘पुट्स’ या लायब्ररीतील फंक्शनाला हाक मारली, तर ती हाक थेट लायब्ररीत न जाता ‘पीएलटी’ नामक तक्त्यातील १६ बाइटांच्या एका छोट्या तुकड्यात जाते. त्या तुकड्याची पहिली आज्ञा ‘जीओटी’ नामक तक्त्यातील एका कोठीत जो पत्ता असेल तेथे उडी मारते; पहिल्या खेपेस त्या कोठीत त्याच तुकड्यातील पुढच्या आज्ञेचा पत्ता असतो, म्हणजे हाक फिरून आपल्याच दारात येते. मग तुकडा आपला नोंदक्रमांक स्टॅकवर ठेवतो, सामायिक शीर्षतुकडा त्यावर त्या फाइलचा दाखला ठेवतो, आणि दोहोंसह अर्ज जोडकापाशी जातो. ‘पुट्स’ची अर्ग्युमेंटे अजून रजिस्टरांतच असल्यामुळे जोडक ती प्रथम जपून ठेवतो, नावाचा शोध करून मिळालेला पत्ता कोठीत लिहितो, रजिस्टरे पूर्ववत करतो आणि ‘पुट्स’मध्येच उडी घेतो. दुसऱ्या खेपेपासून जोडकाला वर्दीही जात नाही.

शोधाचा जाबता मात्र पुष्कळांना अनपेक्षित वाटतो. प्रथम मूळ प्रोग्राम, मग आगाऊ घातलेल्या लायब्ररी, मग बाकीच्या आपल्या क्रमाने. ज्याची व्याख्या आधी भेटली त्याचा हक्क. परिणामी एखाद्या लायब्ररीची स्वतःच्याच फंक्शनाला मारलेली हाकसुद्धा दुसऱ्याच लायब्ररीत जाऊन पोचू शकते. मेमरीवाटपाचा ‘मॅलॉक’ बदलून पाहणारे या तरतुदीवरच जगतात. शोध जलद व्हावा म्हणून प्रत्येक लायब्ररीत नावांचा हॅश-तक्ता असतो. २००६ मध्ये आलेल्या ‘ग्नू’ पद्धतीत त्याच्या पुढे एक ब्लूम गाळणी बसवली गेली. हिचे ‘नाही’ हे उत्तर निर्णायक, ‘असेल’ हे संशयास्पद. परंतु बहुतेक लायब्ररींत बहुतेक नावे नसतातच, त्यामुळे ‘नाही’ झटकन कळणे हीच मोठी बचत. नावाला आवृत्तीची पुरवणीही जोडता येते : ग्लिबसी २.१४ मध्ये ‘मेमकॉपी’ बदलले, तरी जुन्या प्रोग्रामांना जुन्या आवृत्तीचेच फंक्शन मिळत राहिले.

लिहिता येणारा जीओटी म्हणजे हल्लेखोराला हुकूम फिरवण्याची आयती जागा. म्हणून अलीकडे सर्व पत्ते आरंभीच भरून तो तक्ता केवळ वाचनीय करून टाकण्याची वहिवाट पडत आहे, आणि मसल या धाकट्या सी-लायब्ररीचा जोडक तर आळशी बंधन करीतच नाही. आळशी पद्धतीत हरवलेल्या फंक्शनाचा पत्ता हाक पडेपर्यंत कोणी विचारीत नाही; त्यामुळे एखादी सेवा कित्येक दिवस बिनतक्रार चालून, क्वचित वापरात येणाऱ्या एका वाटेवर पाऊल पडताच, ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ एवढे शब्द उमटवून १२७ या क्रमांकासह बंद पडते.