डहाणू-तलासरी : वारशाचे दोन आरंभ

वसई म्हटली की आपणांस जुनी चर्चे आठवतात. परंतु वसई धर्मप्रांताची उत्तर सीमा डहाणू आणि तलासरी तालुक्यांपर्यंत जाते. त्या भागातील ख्रिस्ती इतिहासाला दोन वेगळे आरंभ आहेत, असे आम्हांस वाटते.

पहिला आरंभ समुद्रकाठी झाला. १५५९ साली पोर्तुगीजांनी दमण घेतले आणि पुढे डहाणू, तारापूर ही बंदरे त्यांच्या अमलाखाली आली. किल्ल्यांच्या आश्रयाने चर्चे उभी राहिली. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या सैन्याने तारापूर जिंकले आणि मे महिन्यात वसई पडली. वसईत शेतीवाडी राखणारा ख्रिस्ती समाज मूळ धरून होता, म्हणून सत्ता गेली तरी श्रद्धा टिकली. डहाणूकडे किल्ल्याचा आधार सुटताच तो पहिला अध्याय मिटत गेला.

दुसरा आरंभ विसाव्या शतकात, वारली पाड्यांवर झाला. सावकार व जमीनदारांच्या वेठबिगारीने हा समाज पिचून गेला होता. १९४५ साली झरी येथे हजारो वारली एकत्र आले आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठ नाकारली. अशा या मुलुखात येशूसंघीय धर्मगुरूंनी तलासरीत सेवाकार्य उभारले. तेथील ज्ञानमाता सदन हे नावच सांगते की येथे श्रद्धेने अक्षराचा हात धरला. तटबंदीची जागा शाळेने आणि वसतिगृहाने घेतली.

या इतिहासाची कागदपत्रे एके ठिकाणी मिळणे अवघड आहे, कारण सीमाच बदलत राहिल्या. १९६० साली उंबरगाव गुजरातेत गेले. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. शिवाय वारली समाजाची स्मृती कागदावर कमी आणि मुखात अधिक राहिली. आमच्या घरातील पहिला मुलगा शाळेत कसा गेला, पहिली प्रार्थना कोणत्या बोलीत झाली, तारप्याच्या सुरांचे आणि आळवणीचे नाते कसे जुळले, हे केवळ वडीलधारेच सांगू शकतात.

ते एकेक करून आपल्यातून जात आहेत. पडलेल्या तटाचे दगड आणखी शंभर वर्षे तसेच राहतील. माणसाचा शब्द तेवढा थांबत नाही. म्हणून प्रत्येक धर्मग्रामातील युवकांनी या पावसाळ्यानंतर एक वही घेऊन पाड्यावर जावे, वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसावे आणि त्यांच्याच बोलीत ऐकलेले तसेच्या तसे उतरवून ठेवावे.