भादलीच्या अलीकडे, पाण्याच्या पलीकडे

जळगावहून भुसावळला पॅसेंजरने निघालात की वाटेत भादली लागतं. ५ मे १९१८ रोजी इथेच रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अवघं २७. ‘औदुंबर’ शिकवताना शाळेत एवढं सांगतात. पण धरणगावात जन्मलेला हा ब्राह्मण मुलगा अहमदनगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला होता, हे मला ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळलं. घर धर्मोपदेशकाचं, तरी ठोमऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. तेव्हापासून पाण्याचा हा प्रश्न माझ्या मागे लागला.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला सांगतो की, पाण्याने आणि आत्म्याने पुन्हा जन्मावं लागतं. नेमकं कधी जन्मतो माणूस? कॅथलिक म्हणतात, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी पडतं तेव्हाच. दुसरे म्हणतात, जन्म आधी आत होतो, पाणी ही त्याची जाहीर कबुली. मग बाळ कसली कबुली देणार?

आपल्या जळगाव-भुसावळकडे आलेलं अलायन्स मिशन या दुसऱ्या बाजूचं. त्याचे संस्थापक ए. बी. सिम्पसन न्यूयॉर्कमध्ये प्रेस्बिटेरियन पाळक होते, बाळपणी बाप्तिस्मा झालेले. १८८१ साली त्यांनी मोठेपणी पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी ती जागा सोडली. बाळांना बाप्तिस्मा देणं पटेना, हे त्यातलं एक कारण.

पंडिता रमाबाईंच्या तर एकाच आयुष्यात हा सगळा वाद मावला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. सोबत दोन वर्षांची मनोरमाही होती. म्हणजे आईने विचार करून घेतला, लेकीला तो मिळाला. पण आठेक वर्षांनी रमाबाईंच्या लक्षात आलं की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. याला निमित्त झालं विल्यम हॅस्लम यांचं आत्मचरित्र. हे गृहस्थ स्वतः अँग्लिकन पाद्री, आणि त्यांचं मनपरिवर्तन झालं ते स्वतःच्याच चर्चमध्ये, स्वतःचंच प्रवचन देताना! पुढे १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात मुली रडू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्याला आत्म्याचा आणि अग्नीचा बाप्तिस्मा म्हटलं. पाणी, जन्म, अग्नी. वाँटेजच्या बायकांना यातलं किती पटलं असतं, कोण जाणे.

टिळकांची गोष्टही रेल्वेतच सुरू होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले आणि त्यांनी नवा करार हातात ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. घरच्यांच्या लेखी तो जन्म नव्हताच, मरण होतं. लक्ष्मीबाई नवऱ्यापासून काही वर्षं दूर राहिल्या. परत आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून.

मला इथे खरी गंमत वाटते. मिशनरी पाण्याचा अर्थ शोधत होते, पण आपल्याकडे पाण्याला अर्थ आधीच होता: ते कोणाच्या हातचं प्यायचं आणि कोणाच्या नाही. जातिभेद माणसांनी केलाय, देवाने नाही, हे लक्ष्मीबाईंना उमगलं आणि त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. राहुरीला १९०० साली बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. त्यांचा पुनर्जन्म कुठला म्हणायचा? मी तर पहिला घोट म्हणेन.

टिळकांनीही हे घरात बसून पाहिलं होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्तशिष्य चालणार होते आणि न घेतलेलेही. दार नसलेलं चर्च कसं चालणार, ही शंका रास्त आहे. पण बाप्तिस्म्याने एक संसार कसा दुभंगतो, हे टिळकांइतकं त्या शंकेखोरांपैकी कितीजणांनी सोसलं होतं?

दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले, भादलीच्या अपघातानंतर वर्षाने आणि चार दिवसांनी.