तालीम, महाविद्यालय आणि राजाश्रय : खाशाबा जाधव यांच्या विद्यार्थिदशेचा एक अभ्यास (१९४८-१९५२)

प्रस्तावना :

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांच्या इतिहासात अमेरिकेतील बास्केटबॉलचे उदाहरण महत्त्वाचे मानले जाते. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील प्रशिक्षण संस्थेत जेम्स नाईस्मिथ यांनी हा खेळ सिद्ध केला आणि १८ जानेवारी १८९६ रोजी शिकागो विद्यापीठाच्या संघाने आयोवा सिटी येथे पाच-पाच खेळाडूंचा सामना १५-१२ असा जिंकला. तेथे खेळ शिक्षणसंस्थेत जन्मला व नंतर समाजात पसरला. कोल्हापुरात याच्या उलट घडले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती तालमींत वाढली, खासबाग मैदानाने तिला हजारो प्रेक्षक दिले. महाविद्यालयात मात्र तिला स्थान मागून घ्यावे लागले. प्रस्तुत लेखात खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या उदाहरणाच्या आधारे या प्रक्रियेचा विचार केला आहे.

राजाराम महाविद्यालय आणि खाशाबा :

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे झाला. शालेय शिक्षण कराडला, पुढील शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. त्यांच्याविषयीच्या चरित्रपर लेखनात १९४८ च्या वार्षिक क्रीडास्पर्धेचा प्रसंग आवर्जून येतो. किरकोळ अंगकाठीमुळे क्रीडाशिक्षकांनी त्यांना कुस्तीत उतरू देण्याचे नाकारले; तेव्हा ते थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांच्याकडे गेले आणि प्राचार्यांनी परवानगी दिली. तालमीत तयार झालेल्या मल्लाला महाविद्यालयाच्या आखाड्यात मात्र शिफारस लागावी, ही बाब लक्षणीय आहे.

त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. मातीतल्या मल्लाला तेथे गादीवर, अपरिचित नियमांनी लढावे लागले. या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता.

येथे एका राजकीय घटनेची नोंद घेणे आवश्यक ठरते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानाच्या विलीनीकरणाचा अभ्यास आपण प्रशासन व राज्यघटना यांच्या अंगाने करतो. मल्लाच्या खुराकावर आणि प्रवासखर्चावर त्याचा काय परिणाम झाला, इकडे संशोधकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा खर्च उचलणारा दरबार उरला नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका अध्यापकाच्या दृष्टीने ही रक्कम त्या काळी किती मोठी होती, हे सांगण्याची गरज नाही.

हेलसिंकी येथे १९५२ मध्ये खाशाबांनी बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानचा शोहाची इशी व सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून मात्र ते पराभूत झाले आणि कांस्यपदकाचे मानकरी ठरले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे गहाण घर सोडवून दिले.